महासत्तांच्या मध्ये उभे राहताना : कोरियातील हिंद नगर

गेल्या वर्षी आमच्या विद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत वरच्या गटासाठी विषय होता, 'महासत्तांची स्पर्धा आणि जागतिक शांतता'. अकरा विद्यार्थी बोलले. बहुतेकांनी 'जगाला युद्ध नको, बुद्ध हवा' या घोषणेने समारोप केला आणि सभागृहाने टाळ्याही वाजवल्या. स्पर्धा संपल्यावर नववीतील एक विद्यार्थिनी परीक्षकांच्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "सर, युद्ध नको हे सगळ्यांनी सांगितले. पण दोन मोठे देश भांडत असतील, तर मधल्याने नेमके काय करायचे, हे कोणीच सांगितले नाही." परीक्षक म्हणून बसलेल्या आम्हा तिघा शिक्षकांनाही त्या दिवशी तिला धड उत्तर देता आले नाही. स्मरणिकेसाठी लेख द्यावा अशी सूचना झाली, तेव्हा तो प्रश्न आम्हाला आठवला. उत्तराचा शोध घेताना आम्ही तत्त्वचर्चेकडे न वळता एका घडून गेलेल्या प्रसंगाकडे वळलो. तो प्रसंग १९५३ मधील कोरियाचा आहे, आणि त्यात कोल्हापूरकडच्या एका मराठी सेनाधिकाऱ्याचा मोठा वाटा आहे. आमच्या पाठ्यपुस्तकांत या युद्धाला फारशी जागा नाही. त्यामुळे थोडी पूर्वपीठिका सांगणे भाग आहे.

कोरियावर १९१० पासून जपानची सत्ता होती. १९४५ मध्ये जपान शरण आला, तेव्हा ३८ व्या अक्षांशाच्या उत्तरेस सोव्हिएत फौजा आणि दक्षिणेस अमेरिकन फौजा उतरल्या. तात्पुरती म्हणून आखलेली ही रेषा पाहता पाहता दोन राज्यांची सीमा झाली. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाच्या सैन्याने ती ओलांडली आणि तीन दिवसांत सोल शहर घेतले. त्या वेळी सोव्हिएत प्रतिनिधी सुरक्षा परिषदेवर बहिष्कार टाकून बाहेर होता, कारण चीनची जागा पेकिंगच्या नव्या सरकारला मिळालेली नव्हती. नकाराधिकार वापरणारा कोणी नसल्यामुळे परिषदेचे ठराव मंजूर झाले आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांच्या निशाणाखालचे सैन्य युद्धात उतरले.

भारताने पहिल्या ठरावांना पाठिंबा दिला. आक्रमण उत्तरेने केले, असे स्पष्ट म्हटले. परंतु लढाऊ सैन्य पाठवण्यास नकार दिला आणि त्याऐवजी एक वैद्यकीय पथक पाठवले. ते ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखालचे. डिसेंबर १९५० मध्ये प्याँगयांगहून माघार घेताना सामान टाकून निघा असा सल्ला त्यांना मिळाला होता. शस्त्रक्रियेची साधने टाकून निघालेले वैद्यकीय पथक पुढे काय करणार? पथकाच्या जवानांनी एक सोडून दिलेले वाफेचे इंजिन शोधून काढले, त्यात पाणी भरले, भट्टी पेटवली आणि सारे सामान गाडीवर लादून दक्षिणेकडे आणले. भारताच्या तटस्थतेची चर्चा करणारे या इंजिनाला सहसा विसरतात. अलिप्त राहणे म्हणजे घरी बसणे नव्हे, हे त्या पथकाने पहिल्याच हिवाळ्यात दाखवून दिले होते.

मध्यस्थाचे दुसरे काम निरोप पोचवण्याचे. अमेरिका आणि नवा चीन यांच्यात राजनैतिक संबंधच नव्हते. २ ऑक्टोबर १९५० च्या मध्यरात्रीनंतर चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांना झोपेतून उठवून बोलावून घेतले आणि सांगितले की अमेरिकन फौजांनी ३८ वा अक्षांश ओलांडला तर चीन युद्धात उतरेल. हा निरोप वॉशिंग्टनला पोचला, परंतु तेथे त्यावर विश्वास ठेवला गेला नाही. निरोप आणणारा माणूसच चीनकडे झुकलेला आहे, असा तेथील समज होता. त्याच महिन्यात चिनी सैन्याने यालू नदी ओलांडली आणि युद्ध पुढे जवळजवळ तीन वर्षे चालले. मध्यस्थाची पहिली अडचण येथे दिसते. त्याचे खरे बोलणेही दुसऱ्या बाजूचा प्रचार वाटू शकते.

जुलै १९५१ मध्ये शस्त्रसंधीची बोलणी सुरू झाली. सीमारेषा कोठे असावी, यावर हळूहळू एकमत झाले. उरला तो एकच मोठा प्रश्न, युद्धकैद्यांचा. आणि त्या एका प्रश्नावर बोलणी वर्षभराहून अधिक काळ अडून राहिली. या काळात रणांगणावर माणसे मरतच होती.

प्रश्न वरकरणी साधा होता. १९४९ च्या जिनिव्हा कराराच्या ११८ व्या कलमाप्रमाणे लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब परत पाठवले पाहिजे. चीन आणि उत्तर कोरिया या कलमावर बोट ठेवून होते. अमेरिकेचे म्हणणे होते की ज्याला परत जायचे नाही त्याला बळाने पाठवता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बळाने रशियात परत पाठवलेल्या कैद्यांचे जे झाले, त्याची आठवण ताजी होती. शिवाय शत्रूचे सैनिकच घरी जायला नकार देतात, यासारखे प्रचाराचे दुसरे साधन नव्हते. दक्षिणेकडील ताब्यात सुमारे १,३२,००० कैदी होते. एप्रिल १९५२ मध्ये त्यांची विचारपूस झाली, तेव्हा सुमारे ७०,००० जणच परत जायला तयार असल्याचे जाहीर करण्यात आले. हा आकडा ऐकून पेकिंगचा संताप झाला.

कैद्याची इच्छा विचारायची, हे म्हणायला सोपे आहे. पण विचारणार कोण, आणि कोठे? कोजे बेटावरील छावण्यांत कैद्यांच्याच टोळ्यांचे राज्य होते. काही छावण्यांत साम्यवादी, काहींत त्यांचे कट्टर विरोधक. चिनी कैद्यांच्या अंगावर साम्यवादविरोधी घोषणा गोंदवलेल्या होत्या, आणि त्यांतील सर्वच गोंदणे खुशीची नव्हती. अशी अक्षरे अंगावर घेऊन माणूस गावी कसा परतणार? मे १९५२ मध्ये साम्यवादी कैद्यांनी छावणीचे अमेरिकन प्रमुख ब्रिगेडियर जनरल डॉड यांनाच पकडून ठेवले. त्यांची सुटका झाली, परंतु पुढच्या महिन्यात छावणी ताब्यात घेण्यासाठी रणगाडे आणावे लागले आणि अनेक कैदी मारले गेले.

ही कोंडी फोडणारा मसुदा भारताचा होता. १९५२ च्या शेवटी व्ही. के. कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत तो मांडला. त्यातील कल्पना अशी की कैद्यांना दोन्ही बाजूंच्या हातांतून काढून एका तटस्थ आयोगाच्या हाती द्यावे, त्यांच्यावर परत जाण्यासाठी किंवा न जाण्यासाठी बळ वापरू नये, आणि त्यांच्या देशाच्या प्रतिनिधींना त्यांच्याशी बोलू द्यावे. दोन्ही बाजूंनी आधी नाके मुरडली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री ॲचिसन यांनी मसुद्यात दुरुस्त्या करवून घेतल्या. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री व्हिशिन्स्की यांनी त्यावर जहरी टीका केली. ३ डिसेंबर १९५२ रोजी ठराव ५४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला आणि लगोलग चीनने तो धुडकावला.

येथे एक गोष्ट नमूद करणे आमच्या वाचकांच्या दृष्टीने आवश्यक वाटते. या ठरावाच्या चौदा महिने आधी, १० ऑक्टोबर १९५१ रोजी, मंत्रिमंडळाच्या राजीनाम्याचे कारण सांगणाऱ्या निवेदनात बाबासाहेबांनी भारताच्या परराष्ट्र धोरणावर परखड टीका केली होती. स्वातंत्र्याच्या दिवशी आपले वाईट चिंतणारे कोणी नव्हते, चार वर्षांत मित्र दुरावले आणि संयुक्त राष्ट्रांत आपल्या ठरावाला अनुमोदन द्यायलाही कोणी उरलेले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. ३५० कोटींच्या महसुलातील १८० कोटी सैन्यावर जातात, हेही त्यांनी त्याच निवेदनात दाखवून दिले होते. ५४ मतांच्या ठरावाने त्या टीकेला उत्तर मिळाले, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्ही तो टाळतो. अलिप्ततेची किंमत कोणाला मोजावी लागते, हा त्यांचा प्रश्न मतांच्या आकड्याने सुटणारा नव्हता. त्या प्रश्नाचा काही भाग पुढे कोरियातच भारतीय जवानांच्या वाट्याला आला.

५ मार्च १९५३ रोजी स्टालिनचा मृत्यू झाला आणि मॉस्को व पेकिंगची भाषा मवाळ झाली. महिनाअखेर चौ एन-लाय यांनी जी तडजोड सुचवली, ती भारताच्या धुडकावलेल्या मसुद्याच्या बरीच जवळ होती. ८ जूनला कैद्यांविषयीचा करार झाला. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांना शस्त्रसंधीच नको होती. १८ जूनला त्यांनी सुमारे २७,००० उत्तर कोरियन कैद्यांना छावण्यांतून परस्पर सोडून दिले. एवढे होऊनही २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधीवर सह्या झाल्या.

करारानुसार पाच राष्ट्रांचा आयोग नेमला गेला. स्वीडन व स्वित्झर्लंड ही एका बाजूने सुचवलेली, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया ही दुसऱ्या बाजूची, आणि पाचवा भारत. अध्यक्षपद भारताकडे होते, आणि कैद्यांवर पहारा देणारे सैन्य फक्त भारताचे असणार होते. आयोगाचे अध्यक्ष लेफ्टनंट जनरल के. एस. थिमय्या होते. पहारा दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, कोल्हापूरजवळच्या वडगावचे. दोघांची जुनी ओळख रणांगणावरची होती. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगॉच्या लढाईत दोघांनी एकाच ब्रिगेडमध्ये शेजारशेजारच्या पलटणींचे नेतृत्व केले होते.

भारताला हे काम मिळाले, परंतु मान मिळाला का? पहारा ठरला त्याच उन्हाळ्यात कोरियाच्या भवितव्यासाठी भरणाऱ्या राजकीय परिषदेत भारताने बसावे की नाही, यावर आमसभेत मतदान झाले. बाजूने २७, विरुद्ध २१ आणि ११ तटस्थ. दोनतृतीयांश मते मिळाली नाहीत आणि भारताने आपले नाव मागे घेतले. विरोधात अमेरिका होती. ज्या देशाच्या जवानांनी काटेरी तारांपाशी उभे राहायचे, त्या देशाला चर्चेच्या मेजावर खुर्ची नाही! आम्हाला हा भाग वाचताना सर्वांत अधिक राग आला, हे कबूल करतो. त्या वेळच्या भारत सरकारने मात्र राग गिळला आणि सैन्य पाठवले.

तेही सुखासुखी पोचले नाही. भारतीय सैनिकांनी दक्षिण कोरियाच्या भूमीवर पाऊल ठेवता कामा नये, अशी अध्यक्ष री यांची ताकीद होती. त्यामुळे सुमारे सहा हजार जवानांना इंचॉन बंदराबाहेर जहाजांवरून हेलिकॉप्टरने उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. चार किलोमीटर रुंदीच्या त्या पट्ट्यात, कोणाच्याच नसलेल्या जमिनीवर, जवानांनी तंबू ठोकले आणि छावणीला नाव दिले 'हिंद नगर'. सप्टेंबरच्या अखेरपर्यंत त्यांच्या ताब्यात दक्षिणेकडून २२,६०४ कैदी आले, त्यांत चौदा हजारांहून अधिक चिनी होते. उत्तरेकडून आले ३५९. त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश, बाकीचे कोरियन.

कैद्यांना परत जायचे नव्हते, किंवा तसे सांगण्यात येत होते. भारतीय आपल्याला साम्यवाद्यांच्या हवाली करणार, हे त्यांच्या मनावर बिंबवलेले होते. म्हणून ते दगड आणि शिव्या घेऊनच आले. आल्यानंतर थोड्याच दिवसांत चिनी कैद्यांच्या एका आवारात एका भारतीय मेजरला ओढून नेऊन डांबण्यात आले. कोजे बेटावरील डॉड प्रकरणाला अवघे सोळा महिने झाले होते. थोरातांना गोळीबाराचा हुकूम देता आला असता, आणि कायद्याने तो समर्थनीयही ठरला असता. ते मोजक्या अधिकाऱ्यांसह नि:शस्त्र आत गेले. शेकडो खवळलेल्या कैद्यांच्या गराड्यात उभे राहून त्यांनी बोलणे सुरू केले, ते चालू ठेवले आणि मेजरला घेऊन बाहेर आले. कोरियातील या शौर्याबद्दल त्यांना पुढे अशोकचक्र, वर्ग दोन, मिळाले. त्यालाच आज कीर्तिचक्र म्हणतात. परंतु हाच मार्ग नेहमी चालला, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. ऑक्टोबरच्या आरंभी कुंपण तोडू पाहणाऱ्या जमावांवर भारतीय पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि काही कैदी मरण पावले. आवारांच्या आत, रात्री, परत जाऊ पाहणाऱ्या काहींचे त्यांच्याच सोबत्यांनी खून केले. पहारा तारेच्या बाहेर होता. आतल्या दहशतीपर्यंत तो पोचू शकत नव्हता.

कराराचा गाभा होता 'समजावणी'. नव्वद दिवसांच्या मुदतीत प्रत्येक कैद्याला एका तंबूत आणायचे. तेथे त्याच्या देशाचे प्रतिनिधी बसलेले असतील. पाच राष्ट्रांचे प्रतिनिधी आणि विरुद्ध बाजूचे निरीक्षकही असतील. घरी ये, तुला शिक्षा होणार नाही, असे त्याला सांगितले जाईल. मग त्याने बाहेर पडायचे. तंबूला बाहेर जाण्याचे दोन दरवाजे. एकातून गेला तर मायदेश. दुसऱ्यातून गेला तर पुन्हा छावणी. कोणी आत येताच ओरडू लागे, कोणी समजावणाऱ्याच्या अंगावर धावून जाई. एखादा गप्प उभा राही. तासन् तास चालणाऱ्या या बोलण्यात दिवसाला फार थोडे कैदी संपत. उत्तर कोरियन कैद्यांनी तर आवारातून बाहेर येण्यासच नकार दिला.

आणि येथे आयोग दुभंगला. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया म्हणत होते की कैद्यांना जबरीने तंबूपर्यंत आणा, समजावणी ऐकणे हे करारातच आहे. स्वित्झर्लंड आणि स्वीडन म्हणत होते की बळाचा वापर झाला तर आम्ही आयोगातून बाहेर पडू. निर्णायक मत थिमय्यांचे. त्यांनी बळ वापरण्यास नकार दिला. हजारो माणसांना संगिनीच्या टोकावर तंबूत आणायचे म्हणजे शेकडो प्रेते पडणार, हा त्यांचा हिशेब होता. चीनने भारतावर पक्षपाताचा आरोप केला. उलट, छावण्यांतील टोळ्यांच्या दहशतीमुळे कैद्यांची खरी इच्छा कळत नाही, असे आयोगाच्या बहुमताच्या अहवालात भारताने पोलंड-चेकोस्लोव्हाकियाबरोबर नोंदवले, तेव्हा अमेरिकेकडून भारत साम्यवाद्यांना सामील असल्याची टीका झाली. दोन्हींकडून शिव्या पडल्या म्हणजे माणूस न्यायी असतोच असे नाही. तो दोन्हीकडे चुकलेलाही असू शकतो. परंतु येथे आयोगाच्या निर्णयांची मांडणी पाहिली तर बळ वापरायचे नाही आणि दहशत लपवायचीही नाही, या दोन गोष्टी भारताने एकाच वेळी धरून ठेवलेल्या दिसतात. त्या एकमेकींना अडचणीच्याच होत्या.

२३ डिसेंबरला समजावणीची मुदत संपली, तेव्हा बहुसंख्य कैद्यांपर्यंत ती पोचलीच नव्हती. ज्या राजकीय परिषदेकडे उरलेल्यांचा प्रश्न जायचा होता, ती भरलीच नाही. एकशे वीस दिवसांनी कैद्यांना मुक्त नागरिक करावे, असे करारात होते. तथापि आधीच्या पायऱ्या पूर्ण झाल्या नसताना त्यांना मुक्त जाहीर करण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशी भूमिका थिमय्यांनी घेतली, आणि जानेवारी १९५४ मध्ये ज्या बाजूने कैदी सोपवले होते त्या बाजूच्या हाती ते परत दिले. हे केवळ कायद्याचे कीस काढणे होते का? आम्हाला तसे वाटत नाही. चार महिने ज्या कराराच्या अक्षराचा आधार घेऊन पहारा दिला, तो शेवटच्या दिवशी सोयीसाठी वाकवला असता, तर पुढे कोणत्याही तटस्थावर कोणी विश्वास ठेवला नसता.

अंतिम हिशेब असा. २२,६०४ पैकी मायदेशी परतले ६२८. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूकडे परत गेले २१,८३९. त्यांतील चौदा हजारांहून अधिक चिनी कैदी तैवानला गेले आणि तेथे त्यांचे मोठे स्वागत झाले. मृत्यू पावले ३८, पळाले वा बेपत्ता झाले १३. उत्तरेकडील ३५९ पैकी मन बदलून परतले दहा, त्यांत दोन अमेरिकन. त्या दोघांना मायदेशी लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागले. २१ अमेरिकन सैनिकांनी चीनमध्ये राहणे पसंत केले. त्यांतील तीन कृष्णवर्णीय होते. मेम्फिसच्या क्लेरेन्स ॲडम्स यांनी आपल्या निर्णयामागे स्वदेशातील वर्णभेद हे कारण सांगितले होते. १९६६ मध्ये ते अमेरिकेला परतले. परकी सत्ता जवळ करावी असे माणसाला का वाटते, याचे उत्तर कधी कधी त्याच्या स्वतःच्या गावात असते.

यश की अपयश? समजावणी फसली. कैद्यांची खरी इच्छा किती जणांच्या बाबतीत कळली, याचे प्रामाणिक उत्तर 'थोड्यांच्या' असे द्यावे लागेल. कोरियात शांतता-करार आजतागायत झालेला नाही. १९५४ च्या जिनिव्हा परिषदेतही काही निष्पन्न झाले नाही. पण ज्या एका प्रश्नावर युद्ध अडून राहिले होते, तो प्रश्न रणांगणावरून उचलून तंबूत आणता आला, आणि त्यामुळे तोफा थांबू शकल्या. १९५३ ची शस्त्रसंधी अनेक चकमकी सोसून टिकली आहे. शांतता घडवणे या शब्दाचा आम्हाला समजलेला अर्थ येवढाच माफक आहे. भांडण मिटवणे मध्यस्थाच्या हाती सहसा नसते. भांडणातील एखादी गाठ, जी दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या हाती देणार नाही, ती आपल्या हातात घेणे त्याला शक्य असते. त्यासाठी माणसे, पैसा आणि बदनामी सोसण्याची तयारी लागते.

आज हेच चित्र वेगळ्या नावांनी दिसते. युक्रेनच्या युद्धात सुरक्षा परिषद रशियाच्या नकाराधिकारापुढे थबकली. तरी २२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलला संयुक्त राष्ट्रे आणि तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने काळ्या समुद्रातील धान्यवाहतुकीचा करार झाला. रशिया आणि युक्रेन यांनी एकमेकांबरोबर सह्या केल्याच नाहीत. दोघांनी मध्यस्थांबरोबर स्वतंत्र सह्या केल्या. जहाजांची तपासणी चारही पक्षांचे लोक मिळून करीत. वर्षभरात सुमारे ३.३ कोटी टन धान्य आणि अन्नपदार्थ बाहेर पडले. जुलै २०२३ मध्ये रशियाने अंग काढून घेतले आणि करार संपला. कैद्यांच्या अदलाबदली मात्र संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांच्या मध्यस्थीने त्यानंतरही होत राहिल्या. जहाजाच्या तळघरात उतरून गहू तपासणारे हे निरीक्षक आम्हाला हिंद नगरच्या पहारेकऱ्यांचे जवळचे नातेवाईक वाटतात.

कोरियात एकत्र काम केलेल्या भारतीयांचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. मेनन संरक्षणमंत्री झाले, थिमय्या सेनाप्रमुख, आणि दोघांचे इतके बिनसले की १९५९ मध्ये थिमय्यांनी राजीनामा दिला व नंतर मागे घेतला. थोरातांनी पूर्व विभागाचे प्रमुख असताना, मार्च १९६० मध्ये, लखनौला 'लाल किला' नावाचा युद्धसराव घेऊन चीनचे आक्रमण कसे येऊ शकेल ते दाखवले. ते ऐकले गेले नाही. ज्यांनी चिनी कैद्यांशी नि:शस्त्र बोलून मार्ग काढला, त्यांनीच चीनविषयी सावधगिरीचा इशारा दिला, यात आम्हाला विसंगती दिसत नाही. थिमय्या निवृत्तीनंतर सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख म्हणून गेले आणि १८ डिसेंबर १९६५ रोजी तेथेच वारले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

राहिले ८८ जण. दक्षिणेकडून आलेल्यांपैकी ८६ आणि उत्तरेकडून आलेल्यांपैकी दोन कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि तिसऱ्या, तटस्थ देशात जायचे ठरवले. त्यांतील ७६ कोरियन होते आणि १२ चिनी. फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतीय सैन्य मायदेशी निघाले, तेव्हा तेही जहाजाने मद्रासला आले आणि पुढे दिल्लीला नेले गेले. कोणता देश आपल्याला घेईल, याची वाट पाहण्यात त्यांची दोन-दोन वर्षे गेली. चोई इन-हुन या कोरियन लेखकाने १९६० मध्ये अशाच एका कैद्यावर 'चौक' या अर्थाच्या शीर्षकाची कादंबरी लिहिली. तिचा नायक तटस्थ देश निवडतो, पण भारताकडे येणाऱ्या जहाजावरून वाटेतच नाहीसा होतो. प्रत्यक्षातील माणसे मात्र तग धरून राहिली. बहुतेक जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले. काही जण कोठेच गेले नाहीत. त्यांनी भारतातच व्यवसाय थाटला आणि येथेच संसार केला.